सुतकातला नंबर

मनीषा,

काल तुझं तेरावं झालं. आज दुपारी चारला मुरबाडच्या ट्रक स्टँडवर तुझ्यासाठी सभा ठेवलीय. गाडीमालकांच्या संघटनेने मला निरोप धाडला की अक्का, तुम्ही घरच्या, तुम्हीच चार चांगले शब्द लिहून आणा. चार चांगले शब्द, तुझ्याबद्दल, आणि तेही माझ्याकडून. आपल्या दोघींचं कसं चालायचं ते त्या सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे, तरी सांगितलं. माणूस गेलं की त्याचं सगळ्यांशी पटत होतं, असं धरून चालायची आपल्याकडे पद्धत आहे.

तर मी आधीच सांगून टाकते. माझं तुझ्याशी पटत नव्हतं, आजही पटत नाही, आणि तू अशी मधेच उठून गेलीस म्हणून तुला त्यातून सूट मिळेल असं समजू नकोस.

तेरा दिवस घरात माणसांची रीघ होती. टोकावड्याचे आले, किन्हवलीहून तुझ्या माहेरचे आले, शहापूरच्या तुझ्या ऑफिसातल्या पोरी आल्या आणि रडून रडून डोळे सुजवून गेल्या. स्टँडवरचे ड्रायव्हर ओटीवर बसायचे, टोप्या हातात घेऊन. बाई लय हुशार होती, असं सगळे म्हणायचे. मग आवाज खाली यायचा. मी आत पोह्यांचं पातेलं उतरवत असले तरी माझे कान काही म्हातारे झालेले नाहीत. हुशार होती, पण तिला मेल्या माणसाची किंमत नव्हती, असं म्हणायचे. भगवानची आई गेली तेव्हा काय झालं ते आठवतंय ना, असं एक म्हणायचा आणि बाकीचे माना हलवायचे.

तो डाग चार वर्षं तुझ्या नावाला चिकटून आहे. तू सरणावर गेलीस तरी तो गेला नाही. आणि तो खोटा आहे. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत आहे, तिसऱ्या कोणाला नव्हतं. आज सभेत उभं राहून खरं काय ते सांगायचं, की तुझ्या हुशारीवर दोन गोड वाक्यं बोलून खाली बसायचं, हे ठरत नाही म्हणून सकाळपासून कागद घेऊन बसलेय. विलासने दोनदा येऊन विचारलं, लिहून झालं का. माझ्या भावाला, तुझ्या नवऱ्याला वाटतंय मी रडतेय.

स्टँडवरच्या नंबर लिहायच्या खुर्चीत मी कधी बसले ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही. लग्न होऊन दीड वर्षात मी माघारी आले तेव्हा आईने मला स्वयंपाकघरात ढकललं आणि आप्पांनी बाहेर काढलं. एसटी स्टँडमागे आपलं पत्र्याचं ऑफिस, दोन स्वतःच्या गाड्या आणि स्टँडवरच्या बाकीच्यांच्या चाळीसेक. आप्पांनी लांब वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, नंबर लिही. जी गाडी माल खाली करून आधी परत आली तिचा नंबर आधी, पुढची भरती तिला. एवढं सोपं. बाईने अड्ड्यावर बसावं की नाही यावर गावात महिनाभर चर्चा झाली, मग लोक दमले. पुढे आप्पा गेले आणि वही माझी झाली. सव्वीस वर्षं मी त्या गाड्यांना रांगेत ठेवलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि मला दुसरं काही नको होतं.

वहीत नंबर असायचा, बाकी सगळं माझ्या डोक्यात. कोणाला घाटात चक्कर येते, त्याला माळशेजचं भाडं द्यायचं नाही. कोणाची बायको बाळंतपणाला टेकलीय, त्याला जवळचं द्यायचं. एमआयडीसीतल्या एका गेटवर एकाचा भाऊ क्रेनखाली गेला होता, त्या गेटवर त्याला मरेपर्यंत पाठवायचं नाही. हे कोणी कोणाला सांगत नसे. मी नंबर पुढेमागे केला की समोरचा नुसता बघायचा आणि गप बसायचा, कारण उद्या त्याच्यावरही वेळ येणार होती.

मग तू आलीस. शहापूरला कॉम्प्युटर शिकलेली, ठाण्याला कंपनीत नोकरी केलेली, लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात नोकरी सोडलेली. मला वाटलं पोरबाळ होईल, घरात रमेल. तू माझ्या ऑफिसात येऊन बसलीस. आठवडाभर नुसती बघत होतीस. आठव्या दिवशी म्हणालीस की अक्का, ही वही मोबाइलमध्ये आणता येईल. ड्रायव्हर घरी बसून आपला नंबर बघेल, इथं दोन-दोन दिवस गाडीखाली चटई टाकून पडायला नको.

तुझं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणूनच तर मला राग आला.

त्या दिवशी आपलं पहिलं खरं भांडण झालं. मी म्हटलं, वहीत काय वाईट आहे, माझ्या वहीवर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही. तेव्हा तू तुझ्या बाबांचं काढलंस. ते हायवेला दुसऱ्याची गाडी चालवायचे, आणि तिथल्या अड्ड्यावर वही लिहिणाऱ्याच्या ओळखीचे नेहमी वर आणि ते नेहमी खाली. दिवाळीला ते स्टँडवरच असायचे, नंबर लागायची वाट बघत. तू लहान असताना त्यांचा डबा घेऊन जायचीस, तुझी आई आधीच गेलेली. हे सांगताना तुझा आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. तू शांतपणे म्हणालीस, वही चांगली असते अक्का, लिहिणाऱ्यावर आहे. मी तुला खोलीबाहेर काढलं. मी दोन-तीनदा ओळखीच्याचा नंबर वर घेतला होता आणि ते तू त्या एका आठवड्यात ओळखलं असशील, अशी मला भीती होती. अजून आहे.

तू माघार घेणारी नव्हतीस. विलासला तू गुंडाळलंस, संघटनेला गुंडाळलंस, आणि एका पावसाळ्यात रोज दुपारी जेवण झालं की लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसू लागलीस. अक्का, नियम सांगा. मी म्हटलं, नियम नाहीत, समज आहे. तू म्हणालीस, मग समज सांगा. आणि मी सांगू लागले, मूर्खासारखी. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. माझ्या आयुष्यात मला कोणी एवढं विचारलं नव्हतं. घाटात चक्कर येणारा, बाळंतपणवाला, गेटवाला, सगळे तू लिहून घेतलेस. उठताना रोज तेच विचारायचीस की अजून काय राहिलं.

घाटात तुला घेऊन गेले होते ते आठवतं ना. गाडी कुठे आहे ते नकाशावर दिसायला पाहिजे होतं तुला. तिसऱ्या वळणाला तुझा रंग उतरला, चौथ्याला तू खिडकीतून ओकलीस, आणि नकाशावर आपली गाडी तासभर एकाच जागी उभी होती, कारण तिथे रेंजच नाही. मी म्हटलं, तुझं मशीन म्हणेल ड्रायव्हर झोपलाय. तू तोंड पुसत हसलीस आणि म्हणालीस की हा पण नियम लिहिते. परतताना टोकावड्याच्या धाब्यावर तू रिकाम्या पोटी दोन प्लेट कांदाभजी खाल्लीस. त्या दिवशी मला तू जरा बरी वाटली होतीस. एकच दिवस.

आवाजाचंही तूच ठरवलंस. पुष्कळ ड्रायव्हर वाचत नाहीत, त्यांना फोन गेला पाहिजे, आणि फोनवर अनोळखी बाई बोलली तर ते उचलून ठेवून देतील. म्हणून माझा आवाज रेकॉर्ड केलास. ‘मी अक्का बोलतेय. तुमचा नंबर आला आहे. भाडं घ्यायचं असेल तर एक दाबा.’ अकरा वेळा बोलायला लावलंस मला. मी रागावलेली वाटते म्हणून दहा वेळा पुसलंस, आणि अकराव्यालाही मी रागावलेलीच वाटले तेव्हा म्हणालीस, राहू दे, असाच आवाज ओळखतील.

त्या रात्री मला कळलं की आता माझी गरज उरलेली नाही. समज लिहून होत आली होती, आवाज काढून झाला होता. खुर्चीत मी असले काय आणि नसले काय. तू एकदा म्हणालीही होतीस की अक्का, उद्या तुम्ही नसलात तर हे सगळं कुठं जाईल? मी तुला म्हटलं होतं, माझ्या मरणावर टपून बसलीस का. तू चाळिशीत गेलीस आणि मी साठीला टेकून इथे कागद खरडतेय. बघ आता कोण नाही ते.

आता खरी गोष्ट लिहिते.

नियम लिहून घ्यायच्या शेवटच्या दुपारी तू लॅपटॉप मिटता मिटता विचारलंस, ‘आणि अक्का, कोणाच्या घरात बरंवाईट झालं तर? नंबरचं काय करता?’

आपल्या स्टँडवरचा सगळ्यात जुना नियम तो. माझ्याही आधीचा, आप्पांच्याही आधीचा असेल. ज्याच्या घरात सुतक, त्याचा नंबर राखायचा. त्याला तेरा दिवस फोन नाही, निरोप नाही. बाकीच्या गाड्या भरून जात राहतात, पण तो स्टँडवर परत आला की पहिली भरती त्याची, मग कोणी कितीही दिवस थांबलेला असो. कोणी कुरकुर केल्याचं मी सव्वीस वर्षांत पाहिलं नाही. दारू पिऊन एकमेकांच्या काचा फोडणारी माणसं, पण सुतकातल्या गाडीला कोणी ओलांडलं नाही.

मी तुला म्हटलं, ‘ते ज्याचं त्याने बघायचं. त्यात आपण पडत नाही.’

तू लिहून घेतलंस.

मी विसरले नव्हते. माझी जीभ घसरली नव्हती. मला ते मशीन एकदा तोंडावर आपटलेलं बघायचं होतं. मला वाटलं, कधीतरी कोणाच्या तरी घरात काहीतरी होईल, घोटाळा होईल, लोक म्हणतील हे अक्कालाच जमतं, आणि वही परत माझ्यापुढे येईल. कोणाचं तरी मरण मी त्यासाठी राखून ठेवलं होतं. असं सरळ लिहिलं की कसं दिसतं ते आज पहिल्यांदा बघतेय.

सात महिन्यांनी भगवानची आई गेली. टोकावड्याचा भगवान, स्वतःची एकच गाडी, स्वतःच चालवणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तुझ्या मशीनने त्याला त्या दिवशी फोन केला, दुसऱ्या दिवशी केला, तिसऱ्या दिवशी केला. तीनदा नकार म्हणजे गाडी महिनाभर बंद, हा तुझा नियम, आणि तो चांगलाच होता, कारण भाडं टाळणारे पुष्कळ होते. त्याच पंधरवड्यात शहापूरच्या गोदामाच्या कायमच्या कामासाठी नंबराने गाड्या निवडल्या गेल्या. भगवान पहिल्या पाचात होता. तेराव्यानंतर डोक्याचा गोटा घेऊन तो स्टँडवर आला तेव्हा त्याची गाडी बंद आणि ते काम दुसऱ्यांकडे.

तू शहापूरच्या तुझ्या नव्या ऑफिसातून धावत आलीस. तीस-पस्तीस माणसं जमली होती. मी ऑफिसच्या दारात उभी होते. भगवान ओरडला नाही. तो असा बोलला की मागच्यालाही ऐकू गेलं.

‘तुझ्या मशीनीला आई नाय, ते मला कळतं. तुला पण नाय का?’

तुला नव्हती. हे स्टँडवर कोणालाच माहीत नव्हतं, मला माहीत होतं. तू एकदाच माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता तू सांगणार. यांनाच विचारा, मी यांना विचारलं होतं, असं म्हणणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं. मी म्हणणार होते, ही खोटं बोलते.

तू म्हणालीस, ‘चूक माझी आहे. मी कोणाला विचारलंच नाही. विचारायला पाहिजे होतं.’

कोणी सांगितलं होतं तुला माझी बाजू घ्यायला? मी मागितलं होतं? तुला वाटलं असेल तू मोठेपणा केलास. तू माझी मान कापून माझ्याच हातात दिलीस. तू भांडली असतीस तर मी भांडले असते, चार लोकांनी चार बाजू घेतल्या असत्या, वर्षभर अबोला धरला असता आणि मग मिटलंही असतं. नणंद-भावजया कशा भांडतात ते मला येतं. तू गप बसलीस त्यावर काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

त्यानंतर निम्म्या गाड्या तुझ्या मशीनवरून उतरल्या. दोन वर्षं लागली तुला त्या परत आणायला. भगवानच्या घरी तू तीनदा गेलीस, तीनदा त्याने दार लावून घेतलं. त्याला दुसरं काम मिळावं म्हणून तू कोणाकोणाच्या पायऱ्या झिजवल्यास, ते मला विलासकडून कळायचं, आणि मी म्हणायचे बरं झालं, खोड मोडली. जेवताना तुझ्या ताटात मी भाजी वाढत होते तेव्हाही मनात हेच. स्टँडवर तुला पाठीमागे काय म्हणत ते तुझ्या कानावर येत होतं. तू कधी घरी काही काढलं नाहीस. सुतकाचा नियम मात्र तू आठवड्याच्या आत मशीनमध्ये घातलास. कोणाला विचारून घातलास ते मला ठाऊक नाही. मला विचारलं नाहीस.

पोटाचं दुखणंही असंच दाबून ठेवलंस. जेवण अर्धं टाकायचीस, विचारलं तर म्हणायचीस ॲसिडिटी. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतंस, पण मी काय तुझी आई होते? कल्याणला हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विलासला बाहेर बोलावलं आणि तो आत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून मला सगळं कळलं.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तो खाली औषधं आणायला गेला होता. तू डोळे मिटून पडली होतीस. डोळे न उघडताच म्हणालीस, ‘अक्का, मी तुमाला विचारलं होतं.’

ठाण्याच्या कंपनीत पाच वर्षं काढून, इंग्रजीत मीटिंगा घेऊन, शेवटी तू ‘तुमाला’वर आलीस, किन्हवलीच्या पोरीसारखी.

मी म्हटलं, ‘मला आठवत नाही.’

तू म्हणालीस, ‘बरं.’ आणि पाणी मागितलंस. मी चमच्याने पाणी दिलं. तुझ्या ओठाच्या कडेने ते ओघळलं, ते मी पदराने पुसलं. एवढी जवळ होते मी. एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? तुझे चार दिवस शिल्लक होते आणि मी ते चारही दिवस तुझ्या उशाशी बसून काढले, आणि नाही सांगितलं.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी विलास फोन घेऊन माझ्याकडे आला. एका कारखान्याला आपल्या दोन गाड्या कबूल केल्या होत्या, ड्रायव्हर बसून आहेत, आणि मशीन गाड्यांना नंबरच देत नाही. त्याने शहापूरला रोशनीला फोन लावला, ती तुझ्या ऑफिसातली उंच पोरगी. ती म्हणाली की घरात सुतक आहे म्हणून दोन्ही गाड्यांचा नंबर राखलाय, तो मधेच सोडवायचा हक्क दोघींनाच आहे. एक मॅडम. दुसऱ्या अक्का.

मी म्हटलं, कधीपासून? ती म्हणाली, नियम घातला त्या दिवसापासून. मॅडमनी दुसरं नाव स्वतः टाकलं. मी त्यांना विचारलं होतं की विलाससरांचं टाकू का, तर म्हणाल्या, नाही, अक्कांचं. हा नियम त्यांना सगळ्यात जास्त ठाऊक आहे.

विलास म्हणत होता, सोडव अक्का, ती असती तर तिने गाड्या अशा उभ्या ठेवल्या नसत्या. मी म्हटलं, तेरा दिवस गाड्या हलणार नाहीत. तो चिडून गेला. मी मागच्या पडवीत जाऊन बसले आणि तुला इतक्या शिव्या दिल्या की शेजारच्या घरातली बाई डोकावून गेली. ज्या बाईने तो नियम तुझ्यापासून लपवला तिच्याच हातात तू त्याची किल्ली देऊन ठेवलीस. चार वर्षं. आणि रोज माझ्या हातचं जेवत होतीस.

दहाव्याला भगवान आला. चार वर्षं त्याने आपल्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. ओटीवर बसला. मग म्हणाला की जे झालं ते झालं, मेल्या माणसावर राग धरू नये. मी तिला माफ केलं अक्का, हे सांगायला आलो.

मी गप्प राहिले असते. राहायची सवयच झाली होती. पण तो पुढे बोलला.

‘त्या दिवशी आईला आग्नी दिला आन् फोन वाजला. आवाज तुमचा. मला वाटला आक्का हाय, काय तरी अडलं असंल, नायतर आक्का आज फोन नाय करायची. म्हनून उचलला. सरणासमोर उचलला मी.’

तो सहज सांगत होता. माझ्यावर त्याचा रागच नव्हता. त्याच्या हिशेबी माझा आवाजही तूच चोरून वापरला होतास.

मी त्याला म्हटलं, भगवान, माफ करायचं असेल तर मला कर. तिने मला विचारलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही.

त्याला आधी समजलंच नाही. मी परत सांगितलं. तू शेवटच्या दुपारी काय विचारलंस, मी काय उत्तर दिलं, का दिलं, सगळं. त्याने मला हाड्‌तुड् केलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, चपला घातल्या, अंगणात गेला आणि तिथून वळला.

‘तिला मी समद्यांसमोर बोललो,’ तो म्हणाला. ‘तुमी पन समद्यांसमोर सांगा.’

आणि गेला. माफ केलं की नाही ते सांगितलं नाही.

तेव्हापासून आज चौथा दिवस. मी विलासला सांगितलेलं नाही. त्याला कळलं की तो माझ्याशी बोलेल की नाही, मला माहीत नाही. स्टँडवरचे लोक मला त्या खुर्चीत परत बसू देतील असं वाटत नाही, आणि त्यांनी बसू देऊ नये. सव्वीस आणि पुढची तुझ्यासोबत भांडत काढलेली वर्षं, सगळी त्या एका दुपारच्या उत्तरात वाहून जातील. मी भित्री बाई नाही, पण काल रात्री मला वाटलं की भगवान एकटाच आहे, तो काही सभेत उठून बोलणाऱ्यातला नाही, आणि तू तर आता काहीच बोलणार नाहीस. चार गोड वाक्यं लिहिली तरी निभावून जाईल. मी ती लिहिलीही. दूरदृष्टीची, कष्टाळू, मनमिळाऊ. मनमिळाऊ लिहिल्यावर माझं मलाच हसू आलं आणि कागद फाडला.

हा दुसरा कागद. हाच वाचणार आहे.

तुला उपकार केल्यासारखं वाटत असेल तर ऐक. हे मी तुझ्यासाठी करत नाही. तुझ्या नावाचा डाग पुसला म्हणून तू काही परत येणार नाहीस, आणि आलीस तरी आपलं पटणार नाही. तुझं मशीन मला आजही आवडत नाही. फोनवर माझाच आवाज ऐकला की अंगावर काटा येतो, तो आवाज रोशनीला काढायला सांगणार आहे. भगवानला पहिल्या रांगेत बसवा म्हणून निरोप दिलाय. मान वर करून, त्याच्याकडे बघून वाचेन.

रोशनीने काल जाताना एक गोष्ट सांगितली, ती लिहून थांबते. तिने एकदा तुला विचारलं होतं की स्टँडवरचे एवढं बोलतात, तुम्ही उलट काही बोलत का नाही. तू म्हणालीस, ‘अक्का सांगतील की. त्यांना जरा वेळ लागतो.’

हाच आगाऊपणा मला तुझा कधी सहन झाला नाही, मनीषा. एवढी खात्री होती, तर ऐकायला थांबायचं होतंस.